घरकुलाचा तास

खान्देशात शाळेतून सचोटी शिकवण्याचा विषय निघाला की पहिलं नाव येतं साने गुरुजींचं. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते 1924 मध्ये शिक्षक झाले, पुढे वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलांच्या पसरलेल्या खोल्या ते स्वतः आवरून ठेवायचे आणि ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हातानं लिहून काढायचे. मिठाच्या सत्याग्रहासाठी 1930 मध्ये नोकरी सोडली, म्हणजे मास्तरकी जेमतेम सहा वर्षांची. पण तिच्या आठवणींवर अमळनेर अजून जगतं. नंतर नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिताना त्यांनी एका प्रकरणाला ‘मोठा होण्यासाठी चोरी’ असं नाव दिलं. पुस्तकाच्या ओढीनं पैसे चोरणारा श्याम त्यांनी झाकला नाही. हेतू चांगला असला तरी चोरी ती चोरीच, हे मुलाला समजावणं सर्वांत अवघड, आणि गुरुजींनी नेमकं तेच निवडलं.

या वारशाचं पुढे काय झालं? त्याचा परिपाठ झाला. नव्वदच्या दशकात राज्यातल्या शाळांत मूल्यशिक्षण आलं. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, राष्ट्रभक्ती, सौजन्यशीलता अशी दहा मूल्यं ठरली. ती यादी आज पुन्हा वाचली तर चमकायला होतं, कारण तिच्यात प्रामाणिकपणा नावाचं मूल्यच नाही! त्या दहांत तो आपोआप येतो असं कुणी म्हणेल. पण वेळेवर येणारा, टापटीप राहणारा, गोड बोलणारा माणूस टेबलाखालून पाकीट घेत नाही, असं कुठे आहे?

परिपाठ जोरात होता त्याच काळात जळगाव नगरपालिकेनं घरकुल योजना हाती घेतली. झोपडपट्टीवासीयांसाठी 11 हजारांवर घरं बांधायची होती. त्यासाठी हुडकोकडून कर्ज काढलं गेलं. प्रत्यक्षात उभी राहिली दीड हजारांच्या आसपास. ज्या जागांवर घरं बांधायची, त्यांपैकी काही पालिकेच्या ताब्यातही नव्हत्या, आणि ठेकेदाराला कोट्यवधींची आगाऊ रक्कम बिनव्याजी देऊन झाली होती. पालिकेची महापालिका झाल्यावर, 2006 मध्ये तेव्हाचे आयुक्त डॉ. प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. माजी मंत्री सुरेश जैन यांना मार्च 2012 मध्ये अटक झाली. धुळ्याच्या विशेष न्यायालयानं 31 ऑगस्ट 2019 रोजी निकाल दिला आणि 48 जणांना दोषी ठरवलं. जैन यांना सात वर्षांची शिक्षा आणि 100 कोटींचा दंड सुनावला. त्यावर उच्च न्यायालयात अपिलं गेली.

धुळं तेच. तिथल्याच तुरुंगात 1932 मध्ये विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते टिपून घेत होते.

मार्च 2012 मध्येच, सुरेश जैन यांच्या अटकेनंतर दोनेक आठवड्यांत, जळगावच्या जैन हिल्सवर गांधीतीर्थाचं उद्घाटन झालं. ते करायला जळगावच्याच लेकी, राष्ट्रपती प्रतिभा पाटील आल्या होत्या. (आडनाव सारखं असलं तरी गांधीतीर्थ उभारणारे उद्योगपती भवरलाल जैन यांचा घरकुलाशी संबंध नाही. खान्देशाबाहेरच्या वाचकांचा घोटाळा व्हायला नको.) गांधीतीर्थ चालवणारं गांधी रिसर्च फाउंडेशन शाळांतून गांधी विचार संस्कार परीक्षा घेतं. इयत्तेला झेपेल असं पुस्तक मुलाच्या हाती पडतं आणि त्यावर प्रश्नपत्रिका येते. अशा परीक्षांना नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मला मात्र हा उपक्रम मोलाचा वाटतो, कारण मार्कांसाठी का होईना, पुस्तक वाचलं जातं.

याउलट ऑक्टोबरअखेरचा दक्षता जनजागृती सप्ताह. सरदार पटेलांच्या जयंतीच्या आठवड्यात शपथ, घोषवाक्यं, निबंधस्पर्धा. दिवाळी त्याच सुमारास आली की शाळेला सुटी, आणि लाचलुचपत विभागाचा 1064 हा क्रमांक रिकाम्या वर्गाच्या भिंतीवर.

या सगळ्या काळात एक गोष्ट मात्र घडली नाही. घरचं प्रकरण घरच्या वर्गात शिरलं नाही. सहावीच्या नागरिकशास्त्रात महापालिका आहे. महापौर, आयुक्त, समित्या, सगळं आहे. ठराव कसा मांडतात, निविदा कशी काढतात, आगाऊ रक्कम कोणत्या अटींवर देतात आणि एवढ्या सह्यांतून चुकीची गोष्ट पुढे कशी सरकते, हे नाही. आपण मुलांना पाकिटाची लाच ओळखायला शिकवतो. घरकुलात पैसा गेला तो सभागृहात हात वर करून, कागदावर. तिथे निमूटपणे हात वर करणाऱ्या नगरसेवकाला आपण चोरी करतोय असं वाटलं असेल का? शहरासाठी काही मोठं होतंय, असंच वाटलं असणार, निदान काहींना तरी. श्यामलाही मोठंच व्हायचं होतं.

शिक्षकांची अडचण खरी आहे. वर्गात पुढच्या बाकावर एखाद्या माजी नगरसेवकाची नात असू शकते आणि संस्थेच्या संचालक मंडळावर त्यांचे सोयरे. नावं घेतली तर उद्या घरी बोलावणं येईल. मग नावं वगळावीत. जागा, कर्ज, ठराव, आगाऊ रक्कम, अपुरी घरं, फिर्याद, निकाल: एवढा क्रम फळ्यावर मांडायला एक तास पुरतो. आणि मुलांना विचारायचं, या ओळीत पहिल्यांदा ‘थांबा’ कुणी म्हणायला हवं होतं? पुण्या-मुंबईचं उदाहरण आणायची गरज नाही, जळगावातल्या पिंप्राळ्याची मुलं तर या घरकुलांजवळूनच घरी चालत जातात.