रक्तातील साक्ष आणि दप्तरातील दाखला
(लेखांक अकरावा)

औषधांच्या चाचण्यांतील नुकसानभरपाईच्या सूत्राची उकल या आठवड्यात करण्याचे मी कबूल केले होते. परंतु सातारा जिल्ह्यातून एका निवृत्त शिक्षकांचे जे पत्र आले आहे, त्यातील प्रश्न त्या सूत्राहून अधिक मूलगामी असल्यामुळे ती आकडेमोड पुढील लेखांकावर सोपवितो. गुरुजी विचारतात की, एखाद्या निरोगी तरुणाने एचआयव्हीप्रतिबंधक लशीच्या प्रयोगात स्वेच्छेने भाग घेतला, लशीपासून रोग होणे शक्य नाही याविषयी त्याची खात्रीही पटली, आणि पुढे कोठे तरी त्याचे रक्त तपासले जाऊन तो रोगी ठरला, तर त्याने दाद कोणाकडे मागावी? संशोधनातील सहभागींच्या संरक्षणाविषयी मी इतकी वर्षे जे वाचीत आणि ऐकीत आलो, त्यात या एका बाबीइतकी कोणतीच मला अस्वस्थ करीत नाही. म्हणून तिला सबंध लेखांक देण्यास माझी हरकत नाही.

नित्याची रक्ततपासणी प्रामुख्याने विषाणूविरुद्ध शरीराने घडविलेल्या प्रतिपिंडांचा शोध घेते, आणि लशीचे तर प्रयोजनच मुळी अशी प्रतिपिंडे निर्माण करणे हे असते. पर्वतावर धूर दिसला की तेथे अग्नी असलाच पाहिजे, हे नैयायिकांचे अनुमान या तपासणीच्या मुळाशी आहे. लस घेतलेल्याच्या रक्तात मात्र अग्नीवाचून धूर असतो. हा प्रकार विरळा आहे असेही नाही. अमेरिकन वैद्यकसंघाच्या नियतकालिकात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लस घेतलेल्या २,१७६ संसर्गमुक्त सहभागींपैकी ९०८ जणांचे, म्हणजे शेकडा ४१.७ जणांचे रक्त तपासणीत सकारात्मक निघाले. लशीच्या जातीनुसार हे प्रमाण फार बदलते: ॲडेनोव्हायरस-५ या वाहकावर बेतलेल्या लशींत ते शेकडा ८६.७ इतके होते, तर केवळ डीएनएच्या लशींत शेकडा ६.३. ही प्रतिपिंडे कित्येकांच्या रक्तात वर्षानुवर्षे टिकून राहतात.

आपल्या देशातील पहिला प्रयोग २००५ साली पुण्यास भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत सुरू झाला. त्या लशीत विषाणूच्या अंतर्भागातील प्रथिनांची जनुके होती, बाह्य आवरणाची नव्हती. आणि प्रचलित तपासण्यांचा मुख्य भर आवरणाच्या प्रथिनांवर असल्यामुळे पुण्याच्या स्वयंसेवकांना हा धोका तुलनेने अल्प होता. पुढील वर्षी चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्रात जी लस आली, तिच्यात आवरणाचे जनुकही होते. त्यामुळे स्वयंसेवकाने लशीत काय आहे हे विचारणे म्हणजे आगाऊपणा नव्हे. आपल्या भावी आयुष्याचे दप्तर कसे राहील, हेच तो त्या प्रश्नाने विचारीत असतो.

रक्तपेढीतील एका नोंदीने माणसाचे काय होऊ शकते, हे आपण गोव्यात पाहिलेले आहे. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करीत असे. १९८९ साली त्याच रक्ताच्या तपासणीवरून त्याला संसर्ग असल्याचे कळले, आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातील तत्कालीन तरतुदीन्वये त्यास पकडून ६४ दिवस म्हापसा येथे एकान्तवासात ठेवण्यात आले. त्याच्या मातेने मुंबई उच्च न्यायालयात फिर्याद नेली, पण न्यायालयाने ती तरतूद वैध ठरविली. डॉमिनिक खरोखरीच संसर्गित होता, आणि तरीही त्याच्यावर झाला तो अन्यायच होता. मग ज्याच्या अंगी विषाणूचा लवलेशही नाही, त्याने लोकहितासाठी दंड पुढे केला एवढ्यावरून त्याचे नाव अशा एखाद्या वहीत चढावे, ही कल्पनादेखील सोसवत नाही. सुदैवाने त्याच न्यायालयाने १९९७ साली एका हंगामी कामगाराच्या खटल्यात, काम करण्यास समर्थ असलेल्या माणसाला केवळ संसर्गाच्या कारणास्तव नोकरी नाकारता येणार नाही असा निवाडा दिला, आणि त्या अर्जदाराला आपले नाव झाकून दाद मागण्याची मुभाही दिली.

आता कायद्याकडे वळू. २०१७ चा एचआयव्ही व एड्सविषयक कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. कोणाचीही तपासणी त्याच्या ज्ञात संमतीवाचून करू नये आणि आपली स्थिती उघड करण्यास कोणास भाग पाडू नये, ही त्यातील कलमे प्रत्येक इसमाच्या कामी येतात. परंतु नोकरी, विमा, शिक्षण, निवास यांतील भेदभावाविरुद्धचे कवच ज्या ‘संरक्षित’ व्यक्तीला दिले आहे, ती म्हणजे जिची तपासणी खात्रीपूर्वक सकारात्मक ठरली आहे अशी, किंवा तशा व्यक्तीबरोबर राहणारी वा राहिलेली. लशीच्या स्वयंसेवकाचा त्यात नामनिर्देश नाही. त्याने ते कवच मागावयाचे तर जो कलंक खोटा आहे तोच आधी अंगीकारावयाचा, अशी ही विलक्षण अडचण आहे. इकडे २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांच्या नियमांत भरपाईची मोजमापे आहेत ती मृत्यूची, कायमच्या अपंगत्वाची, गर्भातील बालकाच्या व्यंगाची, रुग्णालयात राहावे लागण्याची. मोडलेल्या सोयरिकीचे वा हुकलेल्या नेमणुकीचे मोजमाप त्यांत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाने २००० सालीच आपल्या मार्गदर्शक मजकुरात सामाजिक हानीचा विचार केलेला असता, आपल्या नियमांत तिला जागा मिळू नये याचे मला मनस्वी दुःख होते.

व्यवहारात यावर तोडगा म्हणून स्वयंसेवकाला ओळखपत्र देतात. पण ज्या कारकुनापुढे वा भावी सासऱ्यापुढे ते धरावयाचे, तो त्यातील लस ही अक्षरे वाचण्यापूर्वीच एचआयव्ही ही अक्षरे वाचून मोकळा होतो. शासनाला ही नाजूक जाणीव अगदीच नाही असे म्हणवत नाही. दुर्बळ गटांतील सहभागींच्या संमतीचे दृक्‌श्राव्य चित्रण नव्या औषधांच्या प्रयोगांत सक्तीचे असताना, एचआयव्ही आणि कुष्ठरोग यांवरील औषधांच्या प्रयोगांत केवळ आवाज मुद्रित करावा, असा अपवाद नियमांनी आवर्जून केला आहे. चेहरा दप्तरात राहू नये हा त्यामागील विचार मला अत्यंत सहृदय वाटतो. तोच विचार चार पावले पुढे नेला पाहिजे.

तेव्हा गुरुजी, आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की, दाद मागण्याची खरी वेळ सही करण्यापूर्वीची आहे. विषाणूचे जनुकद्रव्य प्रत्यक्ष शोधणारी तपासणी खऱ्याखोट्याचा निवाडा करू शकते. ती प्रयोग संपल्यावरही, प्रतिपिंडे टिकतील तोवर, विनामूल्य मिळेल अशी लेखी हमी प्रायोजकाकडून संमतिपत्रातच घ्यावी, संशोधन केंद्र बंद झाले तर ती जबाबदारी कोणाकडे जाईल हेही त्यात नमूद करवून घ्यावे, आणि रक्तदानासाठी वा अन्य कोणा प्रयोगशाळेत तपासणीसाठी परस्पर जाऊ नये. नैतिकता समितीवर एक विधिज्ञ आणि एक सामान्य नागरिक असावा असा नियमच आहे; ही हमी नसेल तर प्रयोगास मंजुरी देऊ नये, असा आग्रह या दोघांनी धरावयास हवा. भरपाईच्या सूत्रातील आठ लक्षांच्या मूळ रकमेत वय आणि जोखीम यांचे गुणक कसे मिसळतात, ते पुढील आठवड्यात.