पिवळ्या चौकोनातली दोन चित्रं

‘परवडेल असा छोटा डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा निघू शकेल का, यावर लिही,’ असं संपादकांनी सांगितलं आणि मी आधी बोरा बाजार गाठला. माझा जुना जपानी रेंजफाइंडर तिथे कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे होता. तो उघडताना मला समोर बसायचं होतं.

वर्षभरापूर्वी तो माझ्या हातून पडला. फोटो निघत होते, पण व्ह्यूफाइंडरच्या मधोमध जो पिवळसर चौकोन असतो, त्यातली दोन चित्रं एकमेकांवर बसेनात. एक दुसऱ्याच्या केसभर वर राही. रेंजफाइंडर वापरणाऱ्याला एवढं पुरतं. डोळ्यात कुसळ गेल्यासारखं होतं.

काकांनी वरचं झाकण काढलं. आत एक तिरकी, अर्धपारदर्शक काच, तिच्यापासून थोड्या अंतरावर नखाएवढा आरसा आणि त्या आरशाला हलवणारा पितळी दांडा. लेन्स फिरवली की दांडा सरकतो, आरसा वळतो, चौकोनातलं दुसरं चित्र आडवं सरकतं. दोन्ही जुळली की फोकस बसला. ना बॅटरी, ना मोटर. दोन डोळ्यांनी आपण अंतर जोखतो, तीच भूमिती.

‘हात लावू नका, नुसतं बघा,’ असं म्हणून काकांनी खिडकीतून दूरच्या गच्चीवरच्या मोबाईल टॉवरवर कॅमेरा रोखला आणि बारीक स्क्रूड्रायव्हर जेमतेम फिरवला. चौकोनातला टॉवर खाली आला, जरा जास्तच. पुन्हा उलटा. मग अनंतावर जुळलेलं जवळ बिघडलं, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर तपासणी, आणि परत टॉवर. दोन स्क्रूंसाठी त्यांना तासाहून जास्त वेळ लागला.

मला जे लिहायचं होतं ते त्या टेबलावरच होतं. हा वेळच महाग आहे.

डिजिटल रेंजफाइंडरचा इतिहास फार लांबलचक नाही. पहिला आला 2004 मध्ये, एप्सनचा आर-डी1. त्याचं शरीर कोसिना कंपनीच्या फोक्टलँडर बेसावर बेतलेलं, आत 6.1 मेगापिक्सेलचा सेन्सर. फिल्म नव्हती, तरी फिल्म ओढण्याचा खटका ठेवला होता. प्रत्येक फोटोआधी तो ओढून शटर चढवायचं. माथ्यावर घड्याळासारखी तबकडी आणि चार काटे: किती फोटो उरले, बॅटरी किती, व्हाइट बॅलन्स काय, फोटोचा दर्जा कोणता. इतका मनापासून केलेला कॅमेरा मी दुसरा पाहिलेला नाही. किंमत अमेरिकेत सुमारे 3,000 डॉलर. मग 2006 मध्ये लायकाचा एम8, 2009 मध्ये पूर्ण फ्रेमचा एम9, आणि 2022 मध्ये आलेल्या एम11 ची तेव्हाची किंमत जवळपास 9,000 डॉलर. फ्रान्समध्ये बेझांसाँ या घड्याळांच्या गावी पिक्सी नावाचा कॅमेरा तयार होतो. त्याला मागे स्क्रीनच नाही, फोटो फोनवर बघायचे. तोही स्वस्त नाही.

एकेकाळी मात्र हे स्वस्त होतं. कॅनोनेट, 1966 चा याशिका इलेक्ट्रो 35, अशा कॅमेऱ्यांमध्ये न बदलता येणारी एक चांगली लेन्स आणि खराखुरा जोडलेला रेंजफाइंडर मध्यमवर्गाला मिळत असे. 1977 मध्ये कोनिकाचा सी35 एएफ आला आणि तो काळ सरायला लागला. गंमत अशी, की त्या पहिल्या लोकप्रिय ऑटोफोकस कॅमेऱ्याच्या पोटातही दोन खिडक्यांतून आलेली दोन चित्रंच ताडून पाहिली जात. फक्त डोळ्याच्या जागी प्रकाशसंवेदक आले होते.

मग आज का नाही? बाकीचे सुटे भाग तर बाजारात दिसतात. फुजीफिल्मचा एक्स100 हा 2011 चा कॅमेरा घ्या: एपीएस-सी सेन्सर, 23 मिलिमीटर एफ/2 ची पक्की बसवलेली लेन्स, लेन्समध्येच शटर, वर ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर, आणि तेव्हाची किंमत 1,200 डॉलर. त्यात फक्त तो वळणारा आरसा नाही. शिवाय लेन्स बदलायची सोय सोडली की एक अडचण संपते. फिल्मसाठी बनलेल्या, लायकाच्या एम माउंटच्या रुंद कोनाच्या लेन्समधून प्रकाश कडेला फार तिरका येतो. फिल्मला ते चालतं, सेन्सरला नाही. पक्की लेन्स सेन्सरसाठीच आखता येते. माझं मत ठाम आहे: स्वस्त डिजिटल रेंजफाइंडर कधी झालाच, तर तो एकाच लेन्सचा असेल.

पण ‘छोटा’ हा शब्द नडतो. रेंजफाइंडरची अचूकता दोन खिडक्यांमधल्या अंतरावर ठरते. लायका एमवर ते सुमारे 69 मिलिमीटर असतं. समोरचा माणूस 3 मीटरवर आहे की 3.1 वर, हे ओळखायचं तर एवढ्या अंतराने कोनात सुमारे अडीच कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक पडतो. खिशात मावावा म्हणून खिडक्या 20 मिलिमीटरवर आणल्या, की तोच फरक पाऊण कलेवर येतो. निरोगी डोळ्याला साधारण एक कला वेगळी दिसते, म्हणजे फरक दिसतच नाही. व्ह्यूफाइंडरमधलं दृश्य लहान केलं, तर आणखी घट. एप्सनने अंतर 38 मिलिमीटरच ठेवलं, पण दृश्य डोळ्याला दिसतं तेवढंच मोठं दिलं आणि निभावून नेलं.

दुसरी काळजी मला जास्त सतावते. फिल्मचा फोटो आपण पोस्टकार्डाएवढ्या कागदावर बघायचो. आता जो तो स्क्रीनवर पापणीपर्यंत मोठा करून बघतो. जी चूक कॅनोनेटला माफ होती, ती इथे पकडली जाणार. म्हणजे स्वस्त कॅमेऱ्याचा आरसा जुन्या स्वस्त कॅमेऱ्याहून जास्त काटेकोर बसवायला हवा. ते कुशल हात आधीच मोजके. 2024 चा पेंटॅक्स 17 करताना साधा फिल्म ओढण्याचा खटका बसवायलाही कंपनीने निवृत्त अभियंत्यांची मदत घेतली, आणि त्यात रेंजफाइंडर नव्हताच. 2025 मध्ये तर लायकानेच एम मालिकेतला एक कॅमेरा रेंजफाइंडर काढून, इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर लावून विकायला आणला.

मोठ्या संख्येने बनवलं तर जुळवणीचा खर्च कमी होऊ शकतो, पण हाताने फोकस करणारे गिऱ्हाईक लाखांनी मिळणार नाही. एकच वाट दिसते: जुळवणीचे स्क्रू मालकाच्या हाती द्यायचे. एप्सनवर फ्लॅशचा हॉट शू काढला की ते सापडायचे. नव्या कॅमेऱ्यात नुसती एक टोपी काढून ते दिसावेत, सोबत स्क्रूड्रायव्हर आणि एक पानभर सूचना. कारखान्यात ढोबळ जुळवणी, शेवटची घरी.

हे मी काकांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. त्यांनी नुकताच जुळवलेला आरसा मुद्दाम किंचित बिघडवला, स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि खिडकीकडे बोट केलं. पहिल्यांदा टॉवर चौकोनाबाहेरच गेला. विसाव्या की पंचविसाव्या प्रयत्नात दोन टॉवर एक झाले. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला, कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाले, ‘लांबचं बसलं. आता जवळचं.’