विमान कुठे आहे, हे वैमानिक सांगतो कसे?

गैरसमज : वैमानिक उड्डाणभर रेडिओवर अक्षांश-रेखांश सांगत असतो.

वस्तुस्थिती : भूभागावरून उडताना हे आकडे रेडिओवर क्वचितच ऐकू येतात. विमान नियंत्रकाला पडद्यावर दिसतच असते. जागा सांगायची वेळ आलीच, तर वैमानिक हवाई मार्गावरच्या ठरलेल्या बिंदूचे नाव घेतो, नाहीतर एखाद्या दिशादर्शक केंद्रापासूनची दिशा आणि अंतर सांगतो. बिंदूंची ही नावे पाच अक्षरी, सहज उच्चारता येणारी आणि जगात दुसरीकडे नसलेली असावीत, असा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा दंडक आहे. 2014 साली बेपत्ता झालेल्या मलेशियन विमानाच्या बातम्यांतून गाजलेला ‘इगारी’ हा असाच एक बिंदू. खरखरत्या रेडिओवर दहा आकड्यांपेक्षा असे नाव चटकन कळते.

गैरसमज : संकटात वैमानिक आधी अक्षांश-रेखांश कळवतो.

वस्तुस्थिती : आधी विमान सांभाळायचे, मग मार्ग ठरवायचा आणि त्यानंतर बोलायचे, हा क्रम प्रत्येक वैमानिकाच्या अंगवळणी पाडलेला असतो. 15 जानेवारी 2009 रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांची धडक बसून एका प्रवासी विमानाची दोन्ही इंजिने निकामी झाली, तेव्हा कॅप्टनने नियंत्रकाला शेवटी सांगितले, की आपण हडसन नदीत उतरणार. अक्षांश-रेखांशाचा आकडा एकही नाही.

गैरसमज : रडार सगळीकडे असते, त्यामुळे जागा कळवायची गरज उरलेली नाही.

वस्तुस्थिती : खूप उंचावरचे विमानही रडारला साधारण अडीचशे सागरी मैलांपर्यंतच दिसते. त्यापलीकडच्या महासागरावर वैमानिकाला स्वतःची जागा कळवावी लागते आणि अक्षांश-रेखांश खऱ्या अर्थाने रेडिओवर येतात ते तिथेच. उत्तर अटलांटिकवरचा संदेश साधारण असा असतो : ‘50 उत्तर, 30 पश्चिम, वेळ 1215, उंची 340, 51 उत्तर, 40 पश्चिम येथे 1308 वाजता, त्यानंतर 51 उत्तर, 50 पश्चिम.’ म्हणजे आत्ता कुठे, कधी आणि किती उंचीवर, पुढे कुठे आणि कधी, त्याच्याही पुढे कुठे. वेळ कायम जागतिक प्रमाणवेळ, आणि 340 म्हणजे 34 हजार फूट. अरबी समुद्रावर किनाऱ्यापासून दूर गेलेली विमाने अशाच तऱ्हेने ‘मुंबई रेडिओ’शी दूरवर पोहोचणाऱ्या एचएफ रेडिओ लहरींवर बोलतात.

आता बरीच विमाने उपग्रहामार्फत आपली जागा आपोआप कळवतात. त्याचे मोल 1 जून 2009 रोजी दिसले. रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या 447 क्रमांकाच्या विमानाने ‘इंटोल’ हा बिंदू ओलांडल्याचे ब्राझीलच्या नियंत्रकाला सांगितले. मार्गात पुढे असलेल्या ‘तासिल’ बिंदूवर कधी पोहोचणार, हे नियंत्रकाने तीनदा विचारले. उत्तर आले नाही. विमान मात्र दर दहा मिनिटांनी आपली जागा कंपनीला आपोआप पाठवत होते. शेवटची नोंद 2 वाजून 10 मिनिटांची. एप्रिल 2011 मध्ये समुद्रतळाशी अवशेष सापडले, ते त्या जागेपासून सुमारे 12 किलोमीटरवर.

गैरसमज : अक्षांश-रेखांशात घोळ होऊच शकत नाही.

वस्तुस्थिती : आकडा अचूक असला तरी तो लिहिण्याची पद्धत दगा देते. 2 जुलै 1937 रोजी अमेरिकन वैमानिक अमेलिया एअरहार्ट हिने न्यू गिनीतल्या ले येथून प्रशांत महासागरातल्या हाउलंड बेटाकडे जाताना रेडिओवर कळवले : ‘4.33.5 दक्षिण, 159.7 पूर्व.’ यातला अक्षांश उघडच अंश-मिनिटांत आहे. पण 159.7 म्हणजे 159 अंश 7 मिनिटे, की 159 अंश आणि वर सात दशांश? दोन अर्थांत सुमारे 65 किलोमीटरचा फरक पडतो.

हा घोळ संगणकाच्या काळातही सुटला नाही. विमानातल्या संगणकात बिंदूची नावे आखूड करून ठेवतात. ‘5250एन’ म्हणजे 52 उत्तर, 50 पश्चिम. तेच ‘एन’ पुढे आणून ‘एन5250’ केले, की होते साडेबावन्न उत्तर, 50 पश्चिम! एका अक्षराची जागा बदलली आणि विमान 30 सागरी मैल, म्हणजे सुमारे 56 किलोमीटर बाजूला. या साधर्म्यामुळे विमाने मार्ग चुकल्यावर उत्तर अटलांटिकच्या यंत्रणेला खास सूचना काढावी लागली.

गैरसमज : जीपीएस आल्यावर माणसाच्या चुकीला वाव राहिला नाही.

वस्तुस्थिती : 10 मार्च 2015 रोजी सिडनीच्या विमानतळावर एअरएशिया एक्सच्या कॅप्टनने विमानाची जागा हाताने भरली. रेखांश हवा होता 15109.8, म्हणजे 151 अंश 9.8 मिनिटे, भरला गेला 01519.8. चौथ्या स्थानावरचे शून्य पहिल्या स्थानावर गेले, एवढेच. संगणकाच्या हिशेबी विमान 11 हजार किलोमीटरहून अधिक दूर होते. उड्डाणानंतर दिशादर्शन यंत्रणा कोलमडली, सिडनीला परतावे तर हवामान आड आले. क्वालालंपूरला निघालेले प्रवासी मेलबर्नला उतरले. चूक पकडण्याच्या संधी आधी अनेकदा आल्या होत्या, असे ऑस्ट्रेलियाच्या तपास यंत्रणेने नोंदवले.

म्हणूनच महासागरावरच्या मार्गाची सूचना तोंडी मिळाली, की वैमानिक आकडा न् आकडा परत म्हणून दाखवतो, आणि एकाने संगणकात भरलेला प्रत्येक बिंदू दुसरा वैमानिक पूर्ण अक्षांश-रेखांश उघडून स्वतंत्रपणे तपासतो.