नाशिकच्या दगडधोंड्यांसाठी फोर्क निवडताना

नाशिक हे सायकलवाल्यांचं गाव. पण त्याची ख्याती आहे ती डांबरावरच्या सायकलींची. 2015 साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघातून 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली आणि लांब पल्ल्याच्या सायकलिंगच्या नकाशावर नाशिकचं नाव ठळक झालं. आषाढीआधी इथून पंढरपूरला सायकल वारी निघते. तरीही शहराच्या पश्चिमेला, जिथे डांबर संपून सह्याद्री सुरू होतो, तिथे रविवारी सकाळी जाड टायरच्या सायकलीही दिसतात. त्या चालवणाऱ्यांच्या गप्पा थोड्याच वेळात एका प्रश्नावर येतात : पुढचा शॉकअप, म्हणजे फोर्क, कोणता घ्यायचा?

या प्रश्नाचं उत्तर दुकानात शोधण्याआधी जमिनीवर शोधावं, असं माझं ठाम मत आहे. परदेशी मासिकं आणि व्हिडिओ पाहून फोर्क निवडणारे कॅनडातल्या ओल्या जंगलांसाठी बनवलेली वस्तू गंगापूर धरणाच्या काठावर आणतात आणि मग चढावर दमतात.

आपली जमीन कशी आहे? नाशिक शहर समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर, अंजनेरी आणि ब्रह्मगिरी 1300 मीटरच्या जवळ. म्हणजे घरून निघालेल्या माणसाला चढ चुकत नाही. सगळा भाग बसाल्टचा. हा दगड फुटतो तो धारदार कडांसह. गोटा गोल नसतो, पायाखाली सरकतो आणि टायरला आडवा येतो. डोंगरउतारावर मुरूम. उन्हाळ्यात त्यावर चाक वाळूवर घसरावं तसं घसरतं. खाली शेतांमधून जाणाऱ्या पाणंद रस्त्यांवर काळी माती. कोरडी असताना बैलगाडी आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या तिच्यात दगडासारख्या घट्ट होतात. भिजली की ती टायरला चिकटते आणि फोर्कच्या कमानीखाली एवढी साचते की चाक फिरेनासं होतं. त्यात पावसाचा फरक विलक्षण : शहरात वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास, तर इगतपुरीला 3000च्या आसपास. एकाच जिल्ह्यात एकच सायकल इतक्या निरनिराळ्या परिस्थितीतून जाते. शिवाय रामशेज किल्ला असो वा त्र्यंबकची बाजू, पायथ्यापर्यंतचं अंतर डांबरावरूनच कापायचं असतं. उड्या मारण्यासाठी बांधलेले ट्रॅक नाहीत, चढाला लिफ्ट नाही. म्हणूनच इथे 'सगळ्याला चालेल असा' फोर्क लागतो, आणि त्याची व्याख्या इथल्या दगडांनी केलेली आहे.

(एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. अंजनेरीच्या पठारावर सायकल नेऊ नका. सेरोपेजिया अंजनेरिका ही दुर्मीळ वनस्पती तिथली आहे, कड्यांवर गिधाडांची वस्ती आहे आणि तो भाग संवर्धन राखीव क्षेत्र आहे. पायथ्याच्या वाटा पुरेशा आहेत.)

आता फोर्ककडे. फोर्क म्हणजे सायकलचा पुढचा चिमटा. त्यात हलणारे भाग आले की तो सस्पेन्शन फोर्क झाला. वरच्या दोन गुळगुळीत नळ्यांना स्टँशन म्हणतात. चाक धरणारा खालचा भाग म्हणजे लोअर, आणि लोअर स्टँशनवर खालीवर सरकतो. आत दोन वेगळी कामं चालतात आणि बहुतेक खरेदीदार त्यांतलं एकच पाहतात. पहिलं काम स्प्रिंगचं : दगड आला की दबायचं आणि परत उसळायचं. ही स्प्रिंग पोलादी असते किंवा कोंडलेल्या हवेची. दुसरं काम डॅम्परचं : त्या दबण्या-उसळण्याला लगाम घालायचा. बारीक छिद्रांतून तेल ढकललं जातं आणि धक्क्याची ऊर्जा उष्णतेत जिरते. बँकेच्या काचेच्या दाराला वर जो हायड्रॉलिक क्लोझर असतो, तो दार धाडकन आपटू देत नाही. डॅम्पर तेच करतो. डॅम्पर नसेल तर प्रत्येक दगडानंतर हँडल वर उसळतं, पुढचं चाक जमीन सोडतं, आणि जमीन सोडलेल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण घेता येतं.

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या स्वस्त 'एमटीबीं'ची खरी उणीव इथे आहे. त्यांच्यावर 80 किंवा 100 मिलिमीटर ट्रॅव्हल (फोर्क जास्तीत जास्त जेवढा दबू शकतो ते अंतर) असं छापलेलं असतं आणि ते खोटं नसतं. पण अनेकदा आत तेलच नसतं. एक पोलादी स्प्रिंग, थोडं ग्रीस, नळ्यांना आधार देणारे प्लॅस्टिकचे बुश आणि वरच्या बाजूला एक निळी किंवा लाल चावी. त्या फोर्कचं वजन अडीच किलोच्या घरात जातं आणि बदल्यात मिळतो तो फक्त उसळता चिमटा. शिवाय ती स्प्रिंग कारखान्यात सरासरी वजनाचा माणूस गृहीत धरून बसवलेली असते. पन्नास किलोची मुलगी तिच्यावर बसली तर फोर्क हलतसुद्धा नाही, नव्वद किलोचा गडी बसला तर पहिल्याच खड्ड्यात तळाला टेकतो.

ट्रॅव्हलचा आकडा मोठा म्हणजे फोर्क मोठा, ही समजूत या खेळाच्या सुरुवातीलाच खोटी ठरली होती. मोटोक्रॉसच्या क्षेत्रातून आलेले पॉल टर्नर आणि स्टीव्ह सायमन्स यांनी 1989 साली अमेरिकेत रॉकशॉक्स कंपनी सुरू केली. त्यांचा पहिला फोर्क आरएस-1. त्याचा ट्रॅव्हल 50 मिलिमीटरही नव्हता. पण आत हवेची स्प्रिंग होती आणि तेलाचं डॅम्पिंग होतं. 1990मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगो इथे पहिली अधिकृत जागतिक माउंटन बाइक स्पर्धा झाली, तेव्हा ग्रेग हर्बोल्डने उताराची शर्यत हाच फोर्क लावून जिंकली. पस्तीस वर्षांनंतर आपण दुकानात 100 मिलिमीटरचा आकडा पाहून हुरळतो, आणि आत तेल आहे का हे विचारत नाही. माझ्या मते दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न हाच : डॅम्पर हायड्रॉलिक आहे का, आणि रिबाउंड, म्हणजे परत उसळण्याचा वेग, कमीजास्त करता येतो का? उत्तर नाही असेल तर पुढचं ऐकण्याची गरज नाही.

मग ट्रॅव्हल किती? क्रॉस-कंट्री शर्यतींच्या सायकलींवर 100 ते 120 मिलिमीटर असतो. संगमनेरच्या प्रणिता सोमणने राष्ट्रीय पातळीवर नाव कमावलं ते याच प्रकारात. उताराच्या वेड्या सायकलींवर तो 200पर्यंत जातो. नाशिकच्या सर्वसाधारण वापराला मी 120 म्हणेन. हलका, वेगाने चढणारा सायकलस्वार 100वर समाधानी राहील. उतारावर धीट असणाऱ्याने आणि तशी फ्रेम असणाऱ्याने 130पर्यंत जावं. त्यापुढचं वजन आपण फक्त चढावर वाहून नेतो.

'तशी फ्रेम' हे शब्द महत्त्वाचे. प्रत्येक फ्रेम ठरावीक लांबीच्या फोर्कसाठी आखलेली असते. ट्रॅव्हल 20 मिलिमीटरने वाढवला तर पुढची बाजू उचलली जाते आणि हँडलखालच्या नळीचा कोन सुमारे एका अंशाने आडवा होतो. उतारावर सायकल स्थिर वाटते, पण ताठ चढावर पुढचं चाक भरकटू लागतं. 100ची फ्रेम 120 सहसा सहन करते. 140 लावला तर नळीच्या सांध्यावर ताण येतो आणि फ्रेमची वॉरंटीही जाते. कंपनीने कमाल मर्यादा दिलेली असते, ती आधी पाहावी.

हवा की पोलादी स्प्रिंग? चांगल्या प्रतीची पोलादी स्प्रिंग अतिशय मऊ चालते, तिला हवेचं सील फुटण्याची भीती नाही. पण ती जड असते आणि वजनानुसार बदलावी लागते. आपल्या वापराला हवाच बरी. एकच फोर्क बापाला आणि कॉलेजातल्या मुलीला चालतो, फक्त दाब बदलायचा. त्यासाठी शॉक पंप मात्र वेगळा घ्यावा लागतो. फोर्कमधली हवा इतकी थोडी असते की टायरचा पंप काढताना निसटणाऱ्या हवेनेच दाब बदलून जातो.

दाब किती ठेवायचा हे सॅगवरून ठरतं. सायकलवर नेहमीच्या कपड्यांत, पाण्याच्या बाटलीसकट उभं राहिल्यावर फोर्क चालवणाऱ्याच्या वजनाने जेवढा दबतो तो सॅग. सर्वसाधारण वापराला तो ट्रॅव्हलच्या 20 ते 25 टक्के हवा, म्हणजे 120च्या फोर्कमध्ये 24 ते 30 मिलिमीटर. स्टँशनवर रबराची कडी असते तिच्यावरून मोजता येतं. कडी नसेल तर बारीक झिप टाय बांधा. आणि हे माप वर्षातून एकदा घेऊन भागत नाही. डिसेंबरात निफाड-नाशिकची पहाट 10 अंशांवर किंवा त्याहून खाली येते, मे महिन्याची दुपार 40 अंशांवर जाते. बंद हवा तापली की तिचा दाब वाढतो : 10 अंशांना 80 पीएसआय भरलेला फोर्क 40 अंशांना 90च्या आसपास पोहोचतो. उन्हाळ्यात फोर्क अचानक टणक झाला असं ज्यांना वाटतं, त्यांचा फोर्क बहुधा बिघडलेला नसतो.

रिबाउंडची चाचणी सोपी आहे. हँडल जोरात दाबून सोडा. पुढचं चाक जमिनीवरून उडलं तर परतीचा वेग कमी करा. फोर्क आळसावून वर आला तर वाढवा, कारण ओळीने दगड आले की असा फोर्क प्रत्येक धक्क्याला थोडाथोडा खाली जाऊन तिथेच रुतून बसतो. लॉकआउट, म्हणजे फोर्क दबू न देणारी कळ, त्र्यंबक रस्त्याच्या डांबरावर उपयोगी, पण मातीला लागताच उघडायचा. साध्या फोर्कमध्ये लॉकआउट लावलेला असताना मोठा धक्का बसला तर आतली यंत्रणा तुटू शकते.

स्टँशनची जाडी साधारण 28 मिलिमीटरपासून 40पर्यंत असते. 28 आणि 30चे फोर्क जोराच्या ब्रेकखाली मागे वाकतात हे हाताला जाणवतं. सर्वसाधारण वापराला 32 पुरे. वजन 85 किलोंच्या पुढे असेल तर 34 किंवा 35. रॉकशॉक्सचा रेकॉन 32चा आहे, पाइक 35चा, फॉक्सचा 34 नावाप्रमाणेच. सनटूरचे एअर फोर्क याहून कमी खर्चात येतात आणि नाशिकच्या रविवारच्या वापराला ते कमी पडत नाहीत, असं मी मोकळेपणाने सांगेन.

खरी फसगत होते ती बसवताना. फ्रेममध्ये जाणाऱ्या फोर्कच्या नळीला स्टिअरर म्हणतात. जुन्या आणि स्वस्त फ्रेममध्ये ती सरळ, 28.6 मिलिमीटरची असते. आजचे बहुतेक चांगले फोर्क टेपर्ड येतात : वर 28.6 मिलिमीटर, खाली दीड इंच. सरळ नळीच्या अरुंद फ्रेममध्ये ते जातच नाहीत. तीच गत एक्सलची. साध्या चाकाला 9 मिलिमीटरचा क्विक रिलीज असतो, नव्या फोर्कला 15 मिलिमीटरचा आरपार एक्सल लागतो, तोही 100 रुंदीचा की 110चा हे पाहावं लागतं. म्हणजे फोर्कसोबत हब बदलणं आलं, कधी अख्खं चाक, आणि हेडसेट, म्हणजे स्टिअररची बेअरिंगही. चाकाचा आकार, 26, 27.5 की 29, तोही जुळायला हवा. फोर्कचीच किंमत कित्येकदा साध्या सायकलीइतकी होते, त्यात हा खर्च मिळवला की हिशेब बदलतो. फ्रेम साधी, नळी सरळ, क्विक रिलीजचं चाक असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे : फोर्क बदलू नका. पुढे रुंद, चांगल्या पकडीचा टायर घाला, त्यात हवा थोडी कमी ठेवा, आणि उरलेले पैसे पुढच्या सायकलीसाठी जमवा. थोड्या पैशांत सर्वांत जास्त फरक टायर पाडतो.

आता निगा, कारण आपल्याकडे चांगले फोर्क मरतात ते उड्यांनी नव्हे, धुण्याने. पावसाळ्यात चिखलाने माखलेली सायकल लोक मोटारसायकलच्या सर्व्हिस सेंटरवर नेतात आणि दाबाचा फवारा थेट स्टँशनच्या सीलवर धरतात. पाणी आणि बारीक माती सीलच्या आत जाते, तिथली स्पंजची रिंग भिजते, आणि पुढच्या प्रत्येक हालचालीला ती माती स्टँशनचा लेप घासत राहते. एकदा तो लेप उडाला की दुरुस्ती नाही. धुवायचं ते साध्या नळीने, लांबून. मग स्टँशन फडक्याने कोरडे पुसायचे. फिरायला निघण्याआधी सायकल काही मिनिटं उलटी ठेवली तर आतलं तेल स्पंजपर्यंत उतरतं. लोअर काढून तेल बदलणं आणि सील साफ करणं साधारण 50 तास चालवल्यावर करावं. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात फिरणाऱ्यांनी तर त्याच्या निम्म्या वेळातच.

जुना फोर्क घेणाऱ्यांनीही हेच पाहावं. स्टँशनवर नख फिरवा, ओरखडा नखाला लागला तर नको. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. हेडसेट घट्ट असूनही खडखड जाणवली तर बुश गेलेले आहेत.

आणि नवा घ्या वा जुना, पैसे देण्याआधी त्याच मॉडेलचं सील किट मागवता येतं का आणि ते बसवणारा कारागीर नाशिकमध्ये किंवा निदान पुण्या-मुंबईत आहे का, हे विचारून घ्या. ते मिळत नसेल तर तो फोर्क कितीही नावाजलेला असला तरी घेऊ नये.