पऱ्हाटीचा पांढरा कोळसा : हिशेब आणि विवेक

विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात कापसाची अखेरची वेचणी आटोपली की शेतात उरते ती वाळलेली पऱ्हाटी. थोडी चुलीसाठी घरी जाते, थोडी कुंपणाला लागते आणि उरलेली बहुतेक बांधावर ढीग करून पेटवून दिली जाते. हेक्टरी साधारण २ ते ३ टन पऱ्हाटी निघते. कापसाच्या व्यापारात पिढ्यान् पिढ्या वावरणाऱ्या कुटुंबांना रुई, सरकी आणि ढेप या प्रत्येकाचा भाव मुखोद्गत असतो; पऱ्हाटीला मात्र कालपरवापर्यंत भावच नव्हता. आता तिचे दाबून केलेले ठोकळे ‘ब्रिकेट’ किंवा ‘पांढरा कोळसा’ या नावाने कारखान्यांच्या बॉयलरमध्ये दगडी कोळशाऐवजी वापरले जातात. जिनिंगचे आवार, वजनकाटा, वाहतुकीची ओळख आणि शेतकऱ्यांशी जुना व्यवहार हे सारे ज्या घरांकडे आहे, त्या घरांतील तरुण पिढी या व्यवसायाकडे उत्सुकतेने पाहू लागली आहे. ही उत्सुकता स्वागतार्ह आहे. तिला हिशेबाची जोड मात्र हवी.

ठोकळा कसा बनतो

पऱ्हाटी प्रथम यंत्रावर बारीक केली जाते. तो चुरा वाळवून त्यातील ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आणावा लागतो. नंतर दट्ट्याच्या यंत्रात तो प्रचंड दाबाखाली साच्यातून पुढे रेटला जातो. दाब आणि घर्षणाची उष्णता यांमुळे लाकडातील ‘लिग्निन’ हा नैसर्गिक घटक मऊ होतो आणि तोच चुऱ्याला घट्ट धरून ठेवतो. डिंक, डांबर किंवा अन्य कोणताही चिकट पदार्थ लागत नाही. सुट्या भुशाचा ट्रक भरला तरी वजन भरत नाही; तोच माल ठोकळ्यांच्या रूपात कित्येक पट कमी जागेत मावतो. या धंद्याचे अर्धे अर्थशास्त्र या एका गोष्टीत आहे.

किलोमागे साधारण ३,५०० ते ४,५०० किलोकॅलरी उष्णता हे ठोकळे देतात. गंधकाचे प्रमाण अत्यल्प असते. राखेचे प्रमाण मात्र कच्च्या मालावर अवलंबून असते. भाताच्या तुसात राख पुष्कळ असते आणि त्यातील वाळूसारख्या सिलिकामुळे साचाही लवकर झिजतो. पऱ्हाटी, तुराट्या आणि भुईमुगाची टरफले त्या मानाने सरस ठरतात. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीच्या उपयोगांवर दीर्घकाळ काम केले आहे. तिचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरातच असल्याने विदर्भातील इच्छुकांना चौकशीसाठी दूर जावे लागत नाही.

ओलाव्याचा हिशेब

या व्यवसायात तोटा बहुधा खरेदीच्या वजनकाट्यावरच सुरू होतो. समजा, २५ टक्के ओलावा असलेली १ टन पऱ्हाटी २,००० रुपयांना घेतली. तिच्यात कोरडा माल ७५० किलो आहे. १० टक्के ओलाव्याचा ठोकळा करावयाचा तर हातात ८३३ किलोच येतात; म्हणजे तयार मालाच्या १ टनामागे केवळ कच्च्या मालाचा खर्च २,४०० रुपये झाला. वीज, वाळवण, मजुरी, साच्याची झीज आणि वाहतूक पुढेच आहेत. यासाठी काट्याशेजारी ओलावा मोजण्याचे यंत्र असावे आणि भाव ओलाव्यानुसार ठरावा. कापूस खरेदीत ओलावा तपासण्याची सवय असलेल्या व्यापाऱ्याला हे नवीन नाही.

दुसरा प्रश्न साठ्याचा. तासाला १ टन क्षमतेचे यंत्र रोज १६ तास आणि वर्षातून २५० दिवस चालले, तर ४,००० टन ठोकळे निघतील. त्यासाठी वरील हिशेबाने ४,८०० टन पऱ्हाटी लागेल. हेक्टरी २ टन धरले तरी हे २,४०० हेक्टरांचे, म्हणजे सुमारे ६,००० एकरांचे पीक झाले! इतका माल तीन-चार महिन्यांतच गोळा होतो. पाऊस लागला की आवक संपली. २,००० रुपये टनाने ९६ लाखांचा माल आणि त्यातील दोन तृतीयांश साठवावा लागला, तर पावसाळ्यापूर्वी ६४ लाख रुपये ढिगांत अडकतात. प्रकल्प अहवालात यंत्राची किंमत ठळक अक्षरांत असते. खेळत्या भांडवलाचा हा आकडा मात्र पुष्कळदा नसतोच. कर्जमंजुरीच्या वेळी तो आग्रहाने मांडावा. साठ्याचा आगीचा विमा आणि पक्के छप्पर यांवर काटकसर करू नये. भिजलेला ठोकळा फुगून पुन्हा भुसा होतो आणि त्याला गिऱ्हाईक राहत नाही.

तिसरी बाब वसुलीची. खरेदीदार कारखाने प्रयोगशाळेतील तपासणीनुसार उष्णता, ओलावा आणि राख यांसाठी वजावट करतात आणि देयके उशिरा देतात. शेतकऱ्याला रोख द्यावयाचे आणि कारखान्याकडून उधारीने घ्यावयाचे, हे अंतर किती दिवसांचे सोसवेल ते आधीच ठरवावे. वजावटीचे प्रमाण आणि नमुना घेण्याची पद्धत लेखी करारात असावी.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये औष्णिक वीज केंद्रांत कोळशासोबत जैवइंधन जाळण्याचे सुधारित धोरण जाहीर केले. त्यात प्रामुख्याने ‘पेलेट’ म्हणजे लहान गोळ्यांचा विचार आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात ब्रिकेट आणि पेलेट या दोन्हींच्या उत्पादनासाठी साहाय्याची तरतूद करण्यात आली. तरीही अनुदान वगळून जो प्रकल्प फायद्यात दिसतो, त्यातच पैसा घालावा.

चाऱ्यावर घाला नको

कच्चा माल कमी पडला की नजर सोयाबीन-तुरीच्या कुटाराकडे आणि कडब्याकडे वळते. येथे थांबले पाहिजे. कुटार आणि कडबा हा गुरांचा घास आहे. टंचाईच्या वर्षी पांजरापोळांना चारा मिळविताना किती यातायात होते, हे समाजाला सांगावयास नको. एका हाताने जीवदयेस देणगी आणि दुसऱ्या हाताने चाऱ्याचा भाव वाढविणारी खरेदी, हा व्यवहार कोणत्याच वहीत जमेला धरता येणार नाही. पऱ्हाटी गुरे खात नाहीत, ही तिची मोठी सोय आहे. तिच्यावर ज्यांची चूल पेटते त्या भूमिहीन कुटुंबांसाठी गावातच काही भाग सोडावा. जमिनीलाही सेंद्रिय द्रव्य हवे असते. तेव्हा शेत अगदी झाडून नेणेही योग्य नव्हे.

श्रावकाचा प्रश्न

उपासकदशांग सूत्रात श्रावकाने टाळावयाची १५ कर्मादाने सांगितली आहेत. त्यांतील पहिलेच अंगारकर्म. त्यामुळे इंधनाचा धंदा करावा काय, अशी शंका घरातील वडीलधाऱ्यांनी काढली तर ती हसून उडवू नये. त्याच यादीत दवाग्निदापन, म्हणजे रानाला आग लावणे, हेही आहे. बांधावर पेटलेल्या ढिगात किडे, मुंग्या, सरडे आणि मातीतील असंख्य सूक्ष्म जीव होरपळतात. ब्रिकेट करताना लाकूड तोडले जात नाही आणि कोळसाही पाडला जात नाही. परंतु माल अखेर भट्टीतच जातो आणि दाबयंत्राखालीही जीव सापडू शकतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. दोन्ही बाजू गुरुभगवंतांसमोर प्रामाणिकपणे मांडून प्रत्येक कुटुंबाने निर्णय घ्यावा.

ज्यांना हा व्यवसाय करावयाचा आहे, त्यांच्यासाठी जयणेचा मार्ग खुला आहे. माल कोरडा असतानाच उचलावा, ढीग फार काळ पडू देऊ नयेत आणि चुरा करण्यापूर्वी पऱ्हाटी पसरून, झटकून घ्यावी. पावसाळ्यातील दमट साठ्यात जीवोत्पत्ती सर्वाधिक होते. चातुर्मासात यंत्र बंद ठेवण्याचे ठरविले आणि त्या बेताने क्षमता निवडली, तर हिंसाही घटते आणि ढिगांत अडकणारी रक्कमही कमी होते. अर्थात, उत्पादनाचे दिवस कमी होतात; म्हणून कर्जाचे हप्ते हंगामानुसार बांधून घ्यावे लागतील आणि वर्षभर माल मागणाऱ्या गिऱ्हाइकाला तशी कल्पना आधीच द्यावी लागेल. पहिल्या वर्षी लहान यंत्र, जवळपासची गावे आणि दोन-तीन भरवशाचे खरेदीदार एवढ्यावरच सुरुवात करावी. एक पूर्ण हंगाम पार पडल्यावर ताळेबंद पाहून विस्ताराचा विचार करावा.