वानरग्रहाचा ताळेबंद

कामगार चळवळीतल्या माणसाने चित्रपटांवर काय बोलावे, अशी शंका आपल्या मनात येईल. आमचे उत्तर एवढेच की, चित्रपट हाही कारखान्यातच तयार होतो. तेथे मालक आहेत, कारागीर आहेत, खर्चाचा तक्ता आहे. आणि चालता माल हाती लागला म्हणजे त्याची हेळसांड कशी होते, हेही तेथे स्वच्छ दिसते. आम्ही एकच उदाहरण घेतो.

फ्रेंच लेखक प्येर बूल यांची वानरांच्या राज्याची कादंबरी १९६३ साली निघाली. तिच्यावरून अमेरिकेतील ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीने १९६८ साली 'प्लॅनेट ऑफ द एप्स' काढला. खर्च सुमारे ५८ लाख डॉलर. जॉन चेंबर्स या रंगभूषाकाराने रबराचे तुकडे नटांच्या चेहऱ्यांवर असे बसवले की, वानरांचे ओठ हलले, डोळ्यांतले भाव दिसले. रंगभूषेचे वार्षिक ऑस्कर तेव्हा नव्हतेच. तरी या कारागिराचा खास सन्मान करावा लागला.

चित्रपट चालला. मग १९७० ते १९७३ या चार वर्षांत चार भाग निघाले. त्याच सुमारास मोठमोठ्या संगीतपटांत कंपनीला खोट आली होती आणि चालत्या मालालाही कात्री लागली. दुसऱ्या भागात मागच्या रांगेतील वानरांना डोक्यावरून ओढायचे साधे मुखवटे मिळाले. चौथ्या भागाचा खर्च उतरून सुमारे १७ लाखांवर आला. दुसऱ्या भागाच्या अखेरीस तर पृथ्वीच नष्ट झाली होती! तरीही तिसरा भाग हवाच. तेव्हा लेखक पॉल डेन यांनी तीन वानरांना यानातून भूतकाळात धाडले आणि वाट काढली. मालकांच्या घाईला कारागिराची अक्कल अशी पुरून उरते; पण किती दिवस?

न्यायाने बोलायचे तर या चित्रपटांनी पैसा मिळवला. खरी गोम तीच. वहीत तोटा दिसेना, म्हणून कोणी थांबेना. आम्ही एका कारखान्यात हे डोळ्यांनी पाहिले. व्यवस्थापकाने वंगणाचा खर्च अर्ध्यावर आणला. त्या वर्षी नफा वाढला, शाबासकी मिळाली. तिसऱ्या वर्षी यंत्रे बसली, आणि ठपका मात्र कामगारांवर आला.

पण दोष केवळ पैशाच्या तंगीचा नव्हे. सर्वांत धीट कथा त्या स्वस्तातल्या चौथ्या भागाचीच होती. त्यात गुलाम वानर बंड करतात. सीझर या त्यांच्या नायकाचे अखेरचे भाषण सूडाचे होते. चाचणी-खेळातले प्रेक्षक बिचकले, कंपनी घाबरली, आणि नव्या संवादांचे ठिगळ लावून तो शेवट मऊ करण्यात आला. पाचवा भाग तर कोमटच निघाला. १९७४ ची दूरदर्शन-मालिका अवघ्या १४ भागांत आटोपली.

पुढे २००१ साली नवा चित्रपट आला. चित्रण नोव्हेंबर २००० मध्ये सुरू आणि जुलैत प्रदर्शन! गल्ला मोठा जमला, पण त्याचा पुढचा भाग कोणी काढला नाही. त्यानंतर २०११ साली कंपनीने त्याच चौथ्या भागातील बंडाचे बीज पुन्हा पेरले. न्यूझीलंडमधील वेटा कंपनीच्या कारागिरांनी अँडी सर्किस या नटाचा अभिनय संगणकाद्वारे सीझरच्या चेहऱ्यावर उतरवला. पुढचे भाग २०१४ आणि २०१७ साली आले, म्हणजे दर भागाला तीन वर्षे मिळाली. प्रेक्षक परतले.

यावरून काय घ्यावयाचे? मालिकेचे खरे भांडवल प्रेक्षकांचा विश्वास. तो ताळेबंदात कोठेच लिहिलेला नसतो, म्हणून तो खर्ची पडतानाही कोणाला दिसत नाही. तो जमवितात लेखक, नट, रंगभूषाकार, उधळतात दुसरेच. तेव्हा एखादा भाग पडला म्हणजे 'लोकांना कंटाळा आला' असे जे सांगितले जाते, त्यावर आपण लगेच विश्वास ठेवू नये. वंगण कोणी आणि केव्हा तोडले, हे आधी विचारावे.