१२० ग्रॅमची पुडी

भिवंडीच्या यंत्रमागावर सूत तुटलं की कामगार माग थांबवतो, दोन टोकं चिमटीत धरून गाठ मारतो आणि खडखडाट पुन्हा सुरू होतो. सूत तुटायला कारणं पुष्कळ. त्यातलं एक कपाशीच्या बोंडातून येतं. भिवंडीच्या शिवारात भात पिकतो, कापूस नाही. त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यात बोंडात शिरणारी गुलाबी अळी इथे कुणी पाहिलेली नसते.

ही अळी तशी शेतकऱ्यालाही लवकर दिसत नाही. अंड्यातून निघालेली बारीकशी अळी कोवळ्या बोंडात शिरते आणि तिने पाडलेलं छिद्र बुजून जातं. वरून बोंड धडधाकट, आत सरकी पोखरलेली. फुलात शिरली तर पाकळ्या जाळीने गुंफल्या जाऊन फूल उमलतच नाही. शेतकरी त्याला ‘डोमकळी’ म्हणतात. बोंड फुटतं तेव्हा डागाळलेली, कमजोर रुई हाती येते. ती कवडी म्हणून बाजूला निघते.

यावर उपाय म्हणून बीटी कापूस आला. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलं की झाड स्वतःच एक प्रथिन बनवतं. अळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते सक्रिय होतं, आतड्याच्या अस्तराला भोकं पाडतं आणि अळी खाणं सोडून मरते. जालन्याच्या ‘महिको’ने मोन्सँटोचं हे तंत्र आपल्या संकरित वाणांत आणलं. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मंजुरी समितीने तीन वाणांना परवानगी दिली. २००६ मध्ये दोन प्रथिनांचं ‘बोलगार्ड-२’ आलं.

परवानगीला एक अट होती. बीटीच्या भोवती साध्या कपाशीच्या पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढं ‘आश्रय पीक’ लावायचं. म्हणून ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या बियाण्याची पुडी येई. त्यामागचं गणित साधं आहे. बीटी पचवायला अळीकडे आई आणि बाप या दोघांकडून आलेला प्रतिकाराचा गुण असावा लागतो. साध्या कपाशीवर वाढलेले पतंग मुबलक असले, तर एखाददुसऱ्या प्रतिकारक पतंगाची जोडी त्यांच्यातल्याच कुणाशी जमते. पुढच्या पिढीला गुण एकाच बाजूने मिळतो आणि ती बीटी खाऊन मरते.

पण ही पुडी म्हणजे मुद्दाम अळीला वाढलेलं ताट. नुकसान माझ्या वावरात, फायदा साऱ्या गावाचा. मग बहुतेकांनी पुडी बांधावरच टाकली यात नवल काय? १९८९ च्या नियमांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समितीची तरतूद आहे, पण पाच ओळी मोजायला वावरात फारसं कुणी गेलं नाही.

त्यात गुलाबी अळीचं पोट जवळजवळ कपाशीवरच. अमेरिकन बोंडअळीला तूर-हरभरा तरी असतो, तिथे तिचे साधे पतंग आपोआप वाढतात. हिला तो आसरा नाही. शिवाय आपले वाण संकरित, म्हणून एकाच बोंडातल्या काही सरक्यांत जनुक असतं, काहींत नसतं. अर्धवट प्रतिकार असलेल्या अळ्याही अशा बोंडात तग धरतात. वर फरदड घ्यायची, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पीक उभं ठेवून अळीला खाऊ घालत राहायचं. २०१० मध्ये पहिल्या प्रथिनाला प्रतिकार गुजरातेत जाहीर झाला. २०१७ मध्ये महाराष्ट्रात ‘बोलगार्ड-२’चीही बोंडं पोखरली गेली. साधं बी पाकिटातच मिसळून देण्याची पद्धत २०२० च्या खरिपात आली, तोवर अळी दोन्ही प्रथिनं पचवू लागली होती.

हेच जनुक, हीच अळी अमेरिकेतल्या ॲरिझोनात होती. तिथे शेतकऱ्यांनी दहा वर्षं आश्रय पीक राखलं आणि बीटी टिकलं. मग वंध्य पतंग सोडून उरलीसुरली जोडीही मोडली. २०१८ मध्ये अमेरिकेने कपाशीच्या पट्ट्यातून गुलाबी अळीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं.

आपल्याकडे मात्र सारा वाद परवानगीच्या दारातच अडतो. बीटी वांग्यावर २०१० मध्ये नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या होऊन स्थगिती आली, ती अजून उठलेली नाही. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीला परवानगी नाही. तरी जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने ती जाहीरपणे पेरली. असं चोरबियाणं सुट्या पाकिटात विकलं जातं, आणि त्याच्याबरोबर ना अट येते, ना पुडी. दार जितकं घट्ट, तितकी मागची भिंत मोकळी.

आता राखण कामगंध सापळ्यावर आली आहे. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग पडले की उपाय सुरू करायचे. त्यासाठी रोज सकाळी वावरात जाऊन पतंग मोजावे लागतात. २००२ साली नेमकी हीच फेरी कुणाच्या नावावर लिहिली गेली नव्हती.